टर्बो-फोक : एका भंगलेल्या देशाचें गाणें



१९ फेब्रुवारी १९९५ या दिवशीं सर्बियाच्या राजधानींत, बेलग्रेड शहरांत, एक लग्न लागलें. नवरदेव चाळिशी ओलांडलेला, नवरी एकवीस वर्षांची. नवरदेवानें पहिल्या महायुद्धांतील सर्बियन सेनाधिकाऱ्याचा गणवेष चढविला होता. वऱ्हाड घेऊन तो वधूच्या झितोराजा नांवाच्या गांवीं गेला, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणें उंच टांगलेलें सफरचंद बंदुकीच्या गोळीनें पाडून मगच त्यानें तिला घराबाहेर आणलें. या साऱ्या समारंभाचें चित्रण झालें, तें दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आलें, आणि पुढें त्याच्या व्हिडिओ कॅसेट दुकानांतून विकल्या गेल्या. लोकांनीं त्या हौसेनें घेतल्या. त्याच दिवसांत, बेलग्रेडहून मोटारीनें कांहीं तासांच्या वाटेवर असलेलें साराजेवो शहर वेढ्यांत सांपडलेलें होतें, आणि त्या वेढ्याला तीन वर्षें होत आलीं होतीं.

नवरदेवाचें नांव झेल्को राझ्नातोविच. जग त्याला ‘आर्कान’ या टोपणनांवानें ओळखतें. तरुणपणीं पश्चिम युरोपांतील अनेक देशांच्या पोलिसांना तो पेढ्यांवरील दरोड्यांबद्दल हवा होता. मायदेशीं परतल्यावर तो फुटबॉलच्या एका मोठ्या संघाच्या उडाणटप्पू चाहत्यांचा म्होरक्या झाला, आणि १९९० च्या ऑक्टोबरांत त्यानें त्यांतूनच स्वयंसेवकांचें एक सशस्त्र पथक उभें केलें. एप्रिल १९९२ मध्यें बॉस्नियांतील बियेलिना गांवांत या पथकानें निःशस्त्र मुसलमान नागरिकांना रस्त्यावर ठार केलें. त्या प्रसंगाचें एक छायाचित्र आहे : पदपथावर माणसें पालथीं पडलीं आहेत, आणि गॉगल डोक्यावर सरकवलेला, हातांत सिगरेट धरलेला एक तरुण सैनिक त्यांतल्या एका बाईला लाथ मारीत आहे. नवरी होती स्वेतलाना व्हेलिच्कोविच, म्हणजे साऱ्या देशाची लाडकी गायिका ‘त्सेत्सा’. तिची पहिली ध्वनिफीत १९८८ सालीं निघाली, त्यावेळीं ती अवघी पंधरा वर्षांची होती.

आज मला बोलावयाचें आहे तें या गायिकेच्या गाण्याविषयीं, आणि ज्या समाजानें तें गाणें रात्ररात्र ऐकलें त्या समाजाविषयीं. या संगीताला ‘टर्बो-फोक’ असें म्हणतात. ‘फोक’ म्हणजे लोकगीत. ‘टर्बो’ हा शब्द मोटारीच्या इंजिनांतला, अधिक हवा कोंबून अधिक वेग देणाऱ्या यंत्राचा. हें नांव कोणा पंडितानें दिलेलें नव्हे. अंतोनिये पूशिच नांवाच्या मोंटेनेग्रोच्या एका विनोदी गायकानें १९८८ च्या सुमारास तें थट्टेनें वापरलें. हा गृहस्थ स्वतःला ‘रॅम्बो अमादेउस’ म्हणवितो. त्यांतला अर्धा भाग अमेरिकन चित्रपटांतल्या मारामारी करणाऱ्या नायकाचा, आणि अर्धा मोत्सार्टचा. त्यानें केलेली थट्टा लोकांनीं गंभीरपणें घेतली, आणि नांव कायमचें चिकटलें.

परंतु गाणें नांवापेक्षां जुनें आहे. त्याचा उगम शोधावयाचा तर काफान्यांत शिरलें पाहिजे. ‘काफाना’ हा शब्द तुर्की अमलांतून आला. आपल्या ‘कहव्या’शीं त्याचें नातें आहे. कॉफी, दारू, जेवण, गप्पा आणि गाणें या साऱ्यांची ती एकच जागा. बेलग्रेडमधील सर्वांत जुना म्हणून दाखविला जाणारा काफाना मुख्य चर्चच्या समोर आहे, आणि त्याच्या पाटीवर केवळ एक प्रश्नचिन्ह आहे. मालकानें १८९२ सालीं ‘चर्चपाशीं’ अशा अर्थाचें नांव दिलें, धर्माधिकाऱ्यांनीं हरकत घेतली, आणि वाद मिटेपर्यंत म्हणून त्यानें पाटीवर प्रश्नचिन्ह काढलें. तें अजून तसेंच आहे. गाणें आणि प्रतिष्ठा यांचा तंटा तिकडे किती जुना आहे, याची ही चांगली खूण समजावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर टिटोच्या युगोस्लाव्हियांत कारखाने निघाले, खेड्यांतील माणसें लाखांनीं शहरांत आलीं, आणि १९६० नंतर जर्मनी-ऑस्ट्रियांत मजुरीला गेलीं. या माणसांचें मन धड खेड्यांत नव्हतें, धड शहरांत नव्हतें. त्यांच्यासाठीं ‘नव्यानें रचलेलीं लोकगीतें’ हा एक धंदाच निघाला. वाद्य अकॉर्डियन, चाल खेड्यांतली, विषय घर सोडल्याचा, आईचा, फसवणाऱ्या प्रेयसीचा. शहरांतील शिकलेल्या मंडळींना याची शिसारी येई. सरकारनेंहि १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं एक विलक्षण कायदा केला : हिणकस ठरलेल्या पुस्तकांवर व ध्वनिमुद्रिकांवर जादा कर बसविला. कोणतें गाणें हिणकस, हें ठरविण्यास जाणकारांचीं मंडळें नेमलीं. परिणाम काय झाला? गाणीं थांबलीं नाहींत, आणि सरकारच्याच मालकीच्या कंपन्या त्यांतून पैसा मिळवीत राहिल्या.

येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. या गाण्यांच्या चाली तुर्कस्तान, ग्रीस, अरबस्तान अशा सर्व दिशांनीं उचललेल्या असत, आणि एक दिशा आपलीहि होती. १९७१ चा ‘हाथी मेरे साथी’ हा हिंदी चित्रपट तिकडे फार चालला. त्याचें संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचें. त्यांतले लक्ष्मीकांत कुडाळकर आपल्या मुंबईचे. त्यांची एक चाल स्कोप्ये येथील रोमा जातीचा गायक मुहारेम सेर्बेझोव्स्की यानें घेतली, आणि चित्रपटांतल्या हत्तीचें ‘रामू’ हें नांव त्या गाण्यांत ‘रामो’ होऊन काफान्या-काफान्यांतून घुमूं लागलें. आपल्या मुंबईच्या सुरांनीं कोठें कोठें संसार मांडला आहे, याचा हिशेब अजून कोणी नीट केलेला नाहीं.

१९८० सालीं टिटो वारला. त्यानंतरचें दशक कर्जाचें आणि महागाईचें, परंतु गाण्याच्या धंद्याला भरभराटीचें गेलें. ‘युझ्नी व्हेतार’, म्हणजे ‘दक्षिण वारा’, या नांवाच्या मंडळीनें तुर्की धर्तीच्या ताना आणि विजेचीं वाद्यें एकत्र केलीं. त्यांत सर्ब गायक होते तसे बॉस्नियाचे मुसलमानहि होते. सरकारी नभोवाणीनें त्यांना जवळजवळ वाळींत टाकलें; लोकांनीं त्यांच्या कॅसेट बाजारांतून नेल्या. याच काळांत लेपा ब्रेना ही गायिका उदयास आली. तिचें खरें नांव फाहरेता याहिच. जन्म तुझ्ला येथील बोस्नियन मुसलमान घराण्यांत, लहानपण ब्रच्को या गांवीं, कीर्ति बेलग्रेडची. हंसरा चेहरा, तोकडा पोषाख, खेळकर गाणीं. १९८९ सालीं तिनें ‘युगोस्लाव्ह मुलगी’ अशा अर्थाच्या नांवाचें एक गाणें गाइलें, आणि दोनच वर्षांत तो देशच उरला नाहीं. १९९० सालीं सोफिया शहरांतील भरलेल्या मैदानांत ती हेलिकॉप्टरमधून उतरली. इतक्या थाटानें पूर्व युरोपांत तोंवर पुढारीहि उतरले नसतील.

जून १९९१ मध्यें स्लोव्हेनिया व क्रोएशिया स्वतंत्र झाले आणि युद्ध पेटलें; पुढच्या वर्षीं तें बॉस्नियांत पसरलें. ३० मे १९९२ ला संयुक्त राष्ट्रांनीं सर्बिया व मोंटेनेग्रो यांच्यावर बहिष्कार घातला. सर्बियाच्या भूमीवर त्यावेळीं लढाई नव्हती. सरकारच्या म्हणण्याप्रमाणें तर देश युद्धांतच नव्हता. परंतु युद्ध घराघरांत शिरलेंच. पेट्रोल रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून विकलें जाई. भरमसाट व्याजाचें आमिष दाखविणाऱ्या खाजगी पेढ्यांनीं माणसांच्या जन्माच्या ठेवी गिळल्या. त्यांतल्या एका पेढीवाल्यानें तर १९९२ सालीं फिशर आणि स्पास्की या बुद्धिबळपटूंचा पन्नास लाख डॉलर बक्षिसाचा सामना भरविला होता, आणि पुढल्या वर्षीं तो देश सोडून पळाला. १९९३ च्या अखेरीस पांचशें अब्ज दिनारांची नोट निघाली. तिच्यावर चित्र होतें मुलांच्या आवडत्या कवीचें, योव्हान योव्हानोविच झ्माय याचें. जानेवारी १९९४ या एका महिन्यांत किंमती ३१ कोटि टक्क्यांहून अधिक चढल्या. शिक्षकाचा महिन्याचा पगार कांहीं जर्मन मार्कांवर आला, आणि तोहि हातांत पडल्या दिवशींच खर्चावा लागे. दुसऱ्या दिवशीं त्याला कांहीं येत नसे.

मग पैसा होता कोणापाशीं? चोरटें पेट्रोल, चोरट्या सिगरेटी, परकी चलन आणि रणांगणावरील लूट यांचा व्यापार करणाऱ्यांपाशीं. ही मंडळी रात्रीं दिसत. साव्हा आणि डॅन्यूब या नद्यांचा संगम बेलग्रेडपाशीं आहे. तेथें कांठाला बांधलेल्या तराफ्यांवर, ज्यांना ‘स्प्लाव्ह’ म्हणतात, पहांटेपर्यंत गाणें चाले. गळ्यांत जाड सोन्याची साखळी, अंगांत धावपटूंचा झगझगीत पोषाख, कमरेला पिस्तूल असा तरुणांचा वेष झाला; त्यांच्याशेजारीं त्यांच्या पैशावर सजलेल्या मुली. तिकडच्या बोलींत अशा मुलींना ‘स्पोन्झोरुशा’ असा एक कुत्सित शब्दच निघाला. शब्द मुलींना मिळाला, त्यांच्या आश्रयदात्यांना तसा मिळाला नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. १९९५ सालीं बेलग्रेडच्या गुन्हेगारी जगावर एक वृत्तपट निघाला. त्याच्या नांवाचा अर्थ ‘मृत्युवार्तेंत भेटूं’ असा. त्यांत मोकळेपणानें बोलणाऱ्यांपैकीं कांहीं जण चित्रपट पुरा होण्यापूर्वींच मारले गेले.

आणि १९९४ सालीं ‘पिंक’ ही खाजगी दूरचित्रवाणी सुरू झाली. तिचा मालक झेल्को मित्रोविच हा पूर्वीं एका रॉक मंडळींत वादक होता. पुढें तो मिलोशेविचच्या पत्नीच्या राजकीय पक्षांत गेला. गुलाबी पडदे, चकाकणारे मंच, समुद्रकिनारे, महागड्या मोटारी असें एक जग या पडद्यावर अहोरात्र दिसूं लागलें. मीं वर वर्णिलेल्या घरांत, जेथें जेवणाची भ्रांत होती, तेथें तें दिसत होतें. युद्ध मात्र त्यांत कोठेंच नव्हतें. साराजेवो नव्हतें, आणि जुलै १९९५ मध्यें स्रेब्रेनित्सा येथें आठ हजारांहून अधिक बोस्नियन पुरुष व मुलगे ठार मारले गेले, तेंहि नव्हतें.

आतां खऱ्या प्रश्नाकडे येतों. या गाण्यांनीं युद्ध केलें काय? बेलग्रेडचे अनेक विद्वान तसें मानीत. खेड्यांतल्या गांवढळ अभिरुचीनें शहर गिळलें आणि त्यांतून ही रानटी वृत्ति आली, असा त्यांचा विचार. इव्हान चोलोविच या मानववंशशास्त्रज्ञानें युद्धकाळांतील लोकगीतें, खेळ आणि राजकारण यांच्या नात्यावर अधिक बारकाईनें लिहिलें आहे. एरिक गोर्डी या अमेरिकन अभ्यासकाचें १९९९ चें पुस्तक असें मांडतें कीं, मिलोशेविचची राजवट टिकली ती लोकांना पटवून देऊन नव्हे, तर दुसरे सर्व पर्याय नष्ट करून. वर्तमानपत्र दुसरें नको, पक्ष दुसरा नको, आणि गाणेंहि दुसरें नको. हें मला पटतें. कारण दुसरें गाणें तेथें होतें. १९९२ च्या मार्चमध्यें बेलग्रेडच्या रॉक वादकांनीं उघड्या मालमोटारीवर उभें राहून, शहरभर फिरून, सैन्यभरतीविरुद्ध गाणें गाइलें. त्यांना नंतर जागा कोठें मिळाली? त्यांचे तरुण श्रोते देश सोडून गेले. जे राहिले ते बी-९२ या लहानशा नभोवाणी केंद्राला कान लावून बसले.

याउलट, त्सेत्साचीं गाणीं ऐकून पाहा. त्यांत बहुधा युद्ध नाहीं. त्यांत आहे ती सोडून गेलेला पुरुष, न येणारी झोंप, दारूचा पेला आणि सूड. मला स्वतःला तीं फार वेळ ऐकवत नाहींत. आवाजाची ताकद मानावी लागते, पण तालयंत्राचा ठोका डोक्यांत बसतो. तरी मीं एवढेंच म्हणेन कीं, गांवढळपणावर सारा दोष टाकणाऱ्यांनीं आणखी दोन माणसें विसरूं नयेत. बॉस्नियन सर्बांचा पुढारी रादोव्हान काराझिच हा मनोविकारतज्ज्ञ होता आणि कविता लिहीत असे. हेगच्या न्यायालयानें त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवून शेवटीं २०१९ सालीं जन्मठेप दिली. त्याचा उपाध्यक्ष निकोला कोलेविच हा साराजेवो विद्यापीठांत शेक्सपियर शिकवीत असे. ऑगस्ट १९९२ मध्यें याच मंडळींच्या तोफांनीं साराजेवोचें ग्रंथालय जाळलें. त्या तोफा काफान्यांतील गायकांनीं डागल्या नव्हत्या. ग्रंथ, नाटकें आणि उत्तम अभिरुचि असलेल्या घरांतूनहि ते हुकूम निघाले, ही गोष्ट आपल्यासारख्या, सायंकाळीं नभोवाणी लावून बसणाऱ्या घरांना गैरसोयीची वाटते; पण ती खरी आहे.

मौज अशी कीं, खुद्द त्या सरकारनेंच १९९४-९५ च्या सुमारास हिणकस संगीताविरुद्ध मोहीम काढली आणि ‘संस्कृतीचें वर्ष’ साजरें केलें. शांततेच्या वाटाघाटी जवळ आल्या होत्या, आणि आतां चारचौघांत बरें दिसणें भाग होतें. पिंक त्यानंतरहि चालूच राहिली. १९९९ च्या वसंतांत नाटोच्या विमानांनीं ७८ दिवस बॉम्ब टाकले, तेव्हां बेलग्रेडच्या चौकांत आणि पुलांवर लोक छातीवर ‘नेम’ काढलेलीं चित्रें लावून जमत व गात. तेथें त्सेत्साहि गाइली.

तिचा नवरा १५ जानेवारी २००० रोजीं बेलग्रेडच्या एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यांत गोळ्या घालून मारला गेला. हेगच्या न्यायालयानें त्याच्यावर आरोपपत्र ठेवलें होतें. त्याची चौकशी होण्याचें कायमचें राहून गेलें. त्याच वर्षीं ५ ऑक्टोबरला मिलोशेविच पडला. सर्वांना वाटलें, आतां तें गाणेंहि जाईल. पिंक गेली नाहीं. ती एका रात्रींत नव्या राज्यकर्त्यांची झाली. १२ मार्च २००३ ला पंतप्रधान झोरान जिंजिच यांचा खून झाला, आणि खुन्यांच्या टोळीशीं संबंध असल्याच्या संशयावरून पोलिसांनीं त्सेत्साला पकडलें. चारएक महिन्यांनीं ती सुटली. जून २००६ मध्यें नद्यांच्या संगमावरील मैदानांत तिनें जलसा केला. सुमारें एक लाख माणसें आलीं. २०११ सालीं फुटबॉलपटूंच्या विक्रीच्या व्यवहारांतील अपहार आणि बेकायदा शस्त्रें या आरोपांबाबत तिनें सरकारशीं तडजोड केली, पंधरा लाख युरो दंड भरला, आणि पायाला विजेचा पट्टा बांधून घरांतच कैद भोगली. तीहि बातम्यांत रोज होती. घराच्या गच्चीवर ती कशी हिंडते हेंसुद्धां.

जें युद्धानें तोडलें तें या गाण्यानें सरहद्दीपलीकडे नेलें, हा या कथेचा सर्वांत चमत्कारिक भाग. १९९५ नंतर क्रोएशियांत सर्बियन गाणें हा शत्रूचा माल होता. पण झाग्रेबच्या रात्रीच्या मैफलींत तें दहा वर्षांच्या आंत पोंचलें. तेथें त्याला ‘त्सायके’ असें हिणवून म्हणतात, आणि तरुण मुलें तें तोंडपाठ म्हणतात. ज्यांचे बाप एकमेकांवर गोळ्या झाडीत होते तीं हीं मुलें. २००९ सालीं लेपा ब्रेना साराजेवो आणि झाग्रेब येथें गाइली. दोन्हीकडे माजी सैनिकांनीं निषेध केला, आणि दोन्हीकडे सभागृह भरलें. माजी सैनिकांचा राग मला क्षुद्र वाटत नाहीं. ज्याचा भाऊ परत आला नाहीं त्यानें कोणत्या चालीवर मान डोलवावी, हें दुसऱ्यानें सांगूं नये. क्रोएशियाच्या बाजूलाहि युद्धाची धुंदी गाणारे आहेतच. मार्को पेर्कोविच, ज्यानें युद्धांतल्या बंदुकीच्या नांवावरून ‘थॉम्पसन’ हें नांव घेतलें, त्याच्या जुलै २०२५ च्या झाग्रेबमधील जलशाचीं तिकिटें पांच लाखांच्या घरांत खपलीं.

त्यानंतर तीनच महिन्यांनीं, ७ ऑक्टोबर २०२५ रोजीं, साराजेवो येथें हालिद बेशलिच हा बोस्नियन गायक वारला. वय एकाहत्तर. तो जुन्या काफान्यांच्या वळणाचा, साधा, जाडजूड गृहस्थ. युद्धकाळांत निर्वासितांच्या मदतीसाठीं त्यानें युरोपभर असंख्य कार्यक्रम केले होते. त्याच्या श्रोत्यांत बोस्नियन होते, सर्ब होते, क्रोएट होते. बातमी कळतांच साराजेवोच्या रस्त्यांवर माणसें जमलीं. भाषण कोणी केलें नाहीं. कोणीतरी त्याचें एक गाणें सुरू केलें, आणि जमाव तें म्हणूं लागला.